खिडकीतला डावा हात

नियम वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी आता मोटरसायकलवाल्यांची वकिली करायला बसली. जूनमधल्या एखाद्या उन्हाच्या रविवारी आमच्या गावातून खिंडीकडे दोन-दोन हजार मोटरसायकली जायच्या. दुकानात गिऱ्हाईक काळा पाव मागतंय की पांढरा, ते तीनदा विचारावं लागायचं. शेजारची क्रेसेन्त्स कानात बोळे घालून गाईंची धार काढायची. सरपंचांच्या नातीच्या बाप्तिस्म्याला तर पाद्री अर्ध्या वाक्यात थांबले, पाणी घेतलेला हात तसाच वर, आणि गाड्या जाईपर्यंत सगळी मंडळी एकमेकांची तोंडं बघत उभी. ऑस्ट्रियातल्या आमच्या टिरोलमध्ये दोन्ही अंगांना डोंगर. आवाज जाणार कुठे? गावातच घुमत राहतो.

तर नियम हवाच होता. दहा जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत, जिच्या कागदावर पंच्याण्णव डेसिबलच्या वर आवाज लिहिलाय ती मोटरसायकल या रस्त्यावर येणार नाही. मग ती परक्याची असो की गावातली. बरोबर आहे. आजही मी बरोबरच म्हणेन. पण मी तो कशापायी आणवला आणि त्यातला आकडा कुठून काढला, ते गावात कुणालाच धड ठाऊक नाही.

माझं नाव नोटबुर्गा. पूर्ण नाव फक्त पाद्री घेतात, बाकी सगळ्यांची मी बुर्गी. चर्चच्या खालच्या अंगाला बेकरी आहे ती माझी. माझा नवरा आल्बान रस्ते खात्यात होता. उन्हाळ्यात खड्डे बुजवायचा, हिवाळ्यात बर्फ काढायची गाडी चालवायचा. आमची खिंड नोव्हेंबरात बंद होते ती मे महिन्यापर्यंत. ती उघडायची तर दोन गाड्या निघतात, एक आमच्या बाजूनं, एक पलीकडच्या दरीतून. आमच्या बाजूनं आल्बान, पलीकडून कासियान. आठ-दहा दिवस दोघं आपापल्या बाजूनं बर्फ कापत वर सरकायचे आणि एका दुपारी माथ्यावर दोन्ही गाड्या समोरासमोर यायच्या. मग खाली उतरायचं, बर्फाच्या भिंतीला टेकून माझा पाव आणि कासियानकडचं धुरावलेलं मांस खायचं, दोन घोट घ्यायचे. असे एकतीस उन्हाळे त्यांनी उघडले. रस्ता खुला झाला की पहिल्या दिवशी, बाहेरची माणसं यायच्या आत, दोघं मोटरसायकलवरून एकदा माथ्यावर जाऊन यायचे. गाड्याही एकाच दुकानातून, एकाच आठवड्यात, एकसारख्या घेतलेल्या. दोन घेतल्या तर स्वस्त पडतील म्हणे. पुरुषांचे हिशोब!

मी आल्बानच्या मोटरसायकलवर जन्मात एकदाच बसले, लग्नाच्या आधी. तळ्यापर्यंत जाऊन येईपर्यंत त्याच्या पाठीत तोंड खुपसून डोळे घट्ट मिटून बसले होते. खाली उतरल्यावर त्यानं विचारलं, "कसं वाटलं तळं?" मी म्हटलं, "कुठलं तळं?" हा किस्सा त्यानं गावच्या खानावळीत चाळीस वर्षं सांगितला, आणि दरवेळी स्वतःच सगळ्यात जास्त हसला. तेव्हा डोळे उघडे ठेवले असते तर पुढचं काहीच झालं नसतं, असं आता मला वाटतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत, एका रविवारी, तो कासियानबरोबर खिंडीपलीकडे जाऊन आला. हेल्मेट काढलं, म्हणाला, "बुर्गी, भूक लागलीय." आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला तो बसलाच. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, हे अंथरुणात झोपून असते तरी झालं असतं. मला ते ऐकायचंच नव्हतं. मला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि कासियान हातात हेल्मेट घेऊन समोर उभा होता.

"सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होता तो! आणि तू त्याला घेऊन गेलास?"

"मला बोलला नाही गं, बुर्गी."

"तुला बोलायला पाहिजे? डोळे नाहीत तुला? आजपासून माझ्या घरात पाय ठेवायचा नाही. एक शब्दसुद्धा बोलायचा नाही माझ्याशी."

कासियान तसा ऐकणारा माणूस. नको म्हटलं की नकोच. तेवढं एक वाक्य त्यानं मनावर घेतलं नसतं तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरात आल्बानला घरी आणलं. जिने चढवणं शक्य नव्हतं, म्हणून बेकरीच्या मागच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी त्याचा पलंग लावला. त्याची सेवा करायला यार्मिला आली, स्लोव्हाकियातली. दोन आठवडे इथे, दोन आठवडे आपल्या घरी, तेव्हा मी. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या नवऱ्याचे राहिलेले दिवस शांततेत जावेत. बाकी जग गेलं खड्ड्यात.

पहिल्याच रविवारी ऊन पडलं आणि गाड्या सुरू झाल्या. पहिली गेली तशी आल्बानची मान खिडकीकडे वळली. त्याचा डावा हात, तोच काय तो चालणारा, पांघरुणातून बाहेर आला, पलंगाच्या कडेवरून खाली गेला आणि त्याची दोन बोटं बाहेरच्या बाजूला उडाली. दुसरी गाडी गेली, पुन्हा तेच. तिसरी, पुन्हा. कोंबडीला हुसकावतात ना, तसं मला वाटलं.

"नको वाटतंय का रे? त्रास होतोय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "आ... आ..." एवढंच त्याला यायचं.

मी खिडकी लावली. तर त्यानं मूठ वळून पलंगाच्या दांडीवर आपटायला सुरुवात केली. धाड, धाड. डोळे लाल. मी यार्मिलाला म्हटलं, "बघ, किती छळ होतोय त्याला. बंद खिडकीतूनही सहन होत नाही."

आणि बरोबर दहाला ती आली. बाकीच्या भरधाव जायच्या. ही अगदी सावकाश, पहिल्या गिअरमध्ये, धक धक धक करत आमच्या खिडकीखालून गेली, चर्चच्या वळणावर फिरली आणि तशीच सावकाश परत गेली. कासियान! माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरात यायचं नाही म्हटलं म्हणून बाहेरून खिजवतो? आजारी माणसाच्या उशाशी? आणि आल्बानचं काय झालं म्हणता! अख्खा हात खांद्यापासून पलंगाबाहेर, बोटं थरथरतायत, डोळ्यांतून पाणी. मी त्याचा हात धरून पांघरुणात घातला आणि वरून दाबून ठेवला. हो, दाबून ठेवला. तो ओढत होता आणि मी म्हणत होते, "गेला रे, गेला तो मेला. शांत हो."

बर्फ पडेपर्यंत दर रविवारी दहाला हेच.

यार्मिला एकदा म्हणाली, "बाई, एक सांगू? रविवारी ते जास्त जेवतात. मी बघितलंय. सूपची वाटी पूर्ण संपवतात."

"तुला आंघोळ घालायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही."

ती बिचारी वाटी उचलून धुवायला गेली. दुखावली असेल. मी माफी मागितली, पण फार उशिरा.

नाताळच्या आधी एकदा कासियान दुकानात आला. खिंड बंद, म्हणजे खालून वळसा घालून तीन बस बदलून आला असणार. पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. टोपी हातात घेऊन तोही रांगेत उभा राहिला. नंबर आला तसा म्हणाला, "बुर्गी, एक बोलायचं होतं."

"कुठला पाव?"

"पाव नको. आल्बानचं जरा..."

"पाव नको असेल तर बाजूला हो. मागच्यांना पाव हवाय."

त्यानं फळीवरच्या पावांकडे बघितलं. मग म्हणाला, "काळा दे. एक किलो." पैसे दिले, पाव काखेत घेतला आणि गेला. क्रेसेन्त्स म्हणाली, "अगं, काय बोलतोय ते तरी ऐकायचं. किती लांबून आला." मी म्हटलं, "एवढी दया येतेय तर घेऊन जा ना घरी. तुझ्याकडे गोठ्यात जागा आहे." सगळे हसले. मलाही तेव्हा फार बरं वाटलं होतं.

सरपंच गेब्हार्ड दोन वर्षं माझ्या मागे लागले होते, आवाजाविरुद्धच्या सह्यांचे कागद तुझ्या गल्ल्याशेजारी ठेव म्हणून. मी नाही म्हणायचे. नवराच मोटरसायकलवाला, कुठल्या तोंडानं ठेवणार? त्या हिवाळ्यात मी स्वतः जाऊन कागद आणले. आधी सही, मग पाव. कुणी कुरकुर केली तर मी आतल्या खोलीचं दार उघडून आल्बान दाखवायचे. म्हणायचे, "ह्याला विचार, ह्याला किती त्रास होतो ते." विचारणार काय, कप्पाळ! पण सही व्हायची. पाचशे माणसांच्या गावात चारशे बारा सह्या झाल्या.

मे महिन्यात गेब्हार्ड स्वयंपाकघरात येऊन बसले. जिल्ह्याच्या ऑफिसातून निरोप होता. बंदी येणार हे नक्की, फक्त आकडा ठरायचा होता. अठ्ठ्याण्णव की पंच्याण्णव? गावाचं म्हणणं काय?

"उद्या सांगते," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी आल्बानचा खण उघडला. त्याच्या गाडीचा कागद काढला. त्यावर ऑइलचा अंगठा उमटलेला, त्याचाच. आवाजाच्या रकान्यात आकडा होता सत्त्याण्णव. कासियानची गाडी तीच, त्याच आठवड्यातली. अठ्ठ्याण्णव ठरला असता तर तो आरामात आला असता. मी कागद घडी घालून परत ठेवला. शेजारच्या खोलीत आल्बान जागा होता, खण उघडल्याचा आवाज त्यानं नक्की ऐकला असणार.

"पंच्याण्णव," मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. "अठ्ठ्याण्णव म्हणजे निव्वळ थट्टा."

गेब्हार्डनी विचारलं, "आल्बानची गाडी कितीची गं?"

"आल्बान आता कुठे चालवणार आहे?"

त्यांनी कॉफीच्या कपात बघितलं आणि वहीत पंच्याण्णव लिहिलं.

दहा जूनला पाट्या लागल्या, एक खाली पुलाशी, एक वर माथ्यावर. पाटीशी पोलीस उभे राहायचे. आता गंमत बघा. पोलीस कानानं ऐकत नाहीत, कागद बघतात. एखादं दीडशहाणं कार्टं कागदावर चौऱ्याण्णव घेऊन किंचाळत जातं, पोलिसांना हात करून जातं, आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश येणारा म्हातारा सत्त्याण्णवसाठी परत फिरतो. पहिल्याच रविवारी कासियानला माथ्यावर अडवलं. दंड भरून आला तसा परत गेला. ही बातमी मला दुकानात कळली, तेव्हा मी उरलेले सगळे गोड बन गिऱ्हाइकांना फुकट वाटले.

गाड्या खरंच कमी झाल्या. शिवाय मी आल्बानच्या खिडकीला तिहेरी काच बसवून घेतली. खोली अशी शांत झाली की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. रविवारी दहा वाजायला आले की तो घड्याळाकडे बघायचा, मग खिडकीकडे. डावा हात आपणहून पांघरुणाबाहेर काढून ठेवायचा. सव्वादहा व्हायचे. मग हात हळूच आत घ्यायचा. मी म्हणायचे, "अजून भीती वाटते का रे, येईल म्हणून? नाही येणार. मी बंदोबस्त केलाय त्याचा." आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवायचे.

ऑगस्टपर्यंत हात बाहेर येणंही थांबलं. एखादी गाडी गेली तरी मान वळेना. भेटायला येणारे म्हणायचे, "किती शांत झालाय आल्बान!" मी ऐटीत सांगायचे, "उपाय केला ना." सूप निम्मं राहायला लागलं. मग पाव वाटी. यार्मिला चमचा धरून बसायची आणि तो तोंड मिटून छताकडे बघायचा.

"शांत नाहीत ते, बाई," ती एक दिवस म्हणाली. "वाट बघून दमलेत."

"कुणाची वाट?"

"ते मला काय माहीत? मला फक्त वाट बघणारं माणूस कळतं. माझी आई अशीच बघते."

ह्या वेळी मी तिला ओरडले नाही. पण विचारही केला नाही. सप्टेंबरात डोंगरावरच्या गाई गळ्यात घंटा, डोक्यावर फुलं लेवून खाली आल्या. मी खिडकी सताड उघडली. दोनशे घंटांचा कल्लोळ, अख्खं गाव रस्त्यावर. आल्बाननं डोळेसुद्धा उघडले नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, मी भट्टीतून पाव काढत असताना तो गेला.

दफनाच्या दिवशी घरापासून चर्च आणि चर्चपासून स्मशान, असं सगळं गाव चालत निघालं. पुढे बँड, मग शवपेटी, मागे मी आणि यार्मिला. स्मशानाच्या भिंतीपाशी वळलो आणि मला ते दिसले. चाळीस-एक माणसं, चामडी कपड्यांत, जड बुटांत, भिंतीच्या कडेनं एका ओळीत. एकही मोटरसायकल नाही. पाटीच्या खाली, पुलापलीकडे गाड्या लावून पाऊण तास चालत वर आले होते. बंदी होती ना. कासियान शेवटी उभा होता. मला वाटलं, आता इथेही तमाशा करतील. मी ओठ आवळले.

पेटी पहिल्या माणसासमोर आली. त्यानं डावा हात बाजूला, खाली नेला आणि दोन बोटं पुढे केली. तोंडानं काही नाही. पेटी दुसऱ्यासमोर आली. डावा हात, खाली, दोन बोटं. तिसरा. चौथा. एक पोरगी होती वीस-बावीसची, तिनंही तसंच.

माझे पाय थांबले. मागचे लोक माझ्या पाठीवर आदळले. यार्मिलानं माझा दंड धरला आणि ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाई... हे तर आपले साहेब करायचे."

मला ते तिनं सांगायची गरज नव्हती. वर्षभरातले सगळे रविवार माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले, आणि मी तो हात कसा धरून दाबला होता तेही. कबरीशी पाद्री काय बोलले, माती कोणी टाकली, मला काही आठवत नाही.

दफनानंतर मंडळी खानावळीत सूप घ्यायला गेली. कासियान गेला नाही. मी तशीच रस्त्यानं खाली धावत सुटले, पासष्टाव्या वर्षी, काळा झगा वर धरून. पुलाजवळच्या बाकावर तो बसला होता.

"ते काय होतं?" मला दम लागला होता. "तो हात. काय असतं ते?"

"नमस्कार गं." त्यानं नवलानं बघितलं. "रस्त्यात समोरून दुसरा आला की करतात. डावा, कारण उजव्या हातात वेगाची मूठ असते. दोन बोटं म्हणजे दोन चाकं. जमिनीवर राहोत, असं. अनोळखी असला तरी करायचा. मला आल्बाननंच शिकवला, मी तेव्हा नवखा होतो." मग म्हणाला, "तुला माहीत नाही? चाळीस वर्षं मोटरसायकलवाल्याची बायको तू."

"मी डोळे मिटून बसले होते रे," मी म्हटलं.

तो हसला नाही. मी त्याच्याशेजारी बसले.

"दुकानात तू हेच सांगायला आला होतास?"

"हेच असं नाही. मी खिडकीखालून का जातो, ते सांगायचं होतं. तू घरात येऊ नको म्हणालीस. मला वाटलं, निदान आवाज तरी जाऊ दे. माझ्या गाडीचा आवाज त्याला झोपेतही कळला असता, त्याच्याच गाडीचा तो. म्हणून पहिल्या गिअरमध्ये, सावकाश. म्हणजे त्याला पुरेल."

"मग ओरडायचं ना, गाढवा! भर दुकानात ओरडून सांगायचं!"

"तू एक शब्द बोलू नको म्हणाली होतीस."

मला त्याला मारावंसं वाटलं. त्याला की स्वतःला, कोण जाणे. नदी वाहत होती, पलीकडे चाळीस गाड्या उन्हात लावलेल्या होत्या आणि त्यांची माणसं एकेक करून खाली उतरून येत होती.

कासियान म्हणाला, "मी दरवेळी हात करायचो खिडकीकडे. काचेवर नुसतं आभाळ दिसायचं. आत काही दिसायचं नाही. त्याला ऐकू जायचं का गं? कळायचं का, मी आहे ते?"

तेव्हा मला समजलं की ह्याला माहीतच नाही. बर्फ पडेपर्यंतचे आणि मग खिंड उघडल्यापासून बंदीपर्यंतचे सगळे रविवार हा माणूस आभाळाला हात करत होता. आणि उत्तर बघितलेली जगात मी एकटी.

"कळायचं," मी म्हटलं. "दरवेळी कळायचं. तू खिडकीखाली आलास की तो अख्खा हात बाहेर काढायचा. खांद्यापासून. बाकीच्यांना नुसती बोटं, तुला अख्खा हात. डोळ्यांतून पाणी यायचं त्याच्या. एकदाही चुकला नाही."

कासियाननं टोपी तोंडावर धरली. मी पुढचं, म्हणजे हात दाबून धरल्याचं, सत्त्याण्णवचं, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं तो उठून जाईल. तो टोपीआडून एवढंच म्हणाला, "तुला त्याला त्रास नको होता ना, मग झालं." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो म्हणाला होता, एक नोव्हेंबरला बंदी उठेल, त्या दिवशी सगळे आपापल्या कबरींवर दिवे लावायला येतात, तेव्हा मी गाडी घेऊन येतो, स्मशानाच्या भिंतीशेजारून एकदा सावकाश जातो. मीही म्हटलं, ये, कोण काय बोलतंय बघते मी. एकोणतीस ऑक्टोबरलाच बर्फ पडला. खिंडीचं फाटक बंद झालं. एक नोव्हेंबरला मी कबरीशी दिवा घेऊन उभी होते आणि दरीत कुठलाही आवाज नव्हता. हिवाळ्यात कासियाननं गाडी विकून टाकली. आता कुणासाठी चालवू, म्हणाला. आता तो महिन्यातून एखाद्या रविवारी बसनं येतो, स्वयंपाकघरात बसून सूप पितो. त्या खोलीत मात्र जात नाही.

परवा गेब्हार्ड पुन्हा सह्यांचे कागद घेऊन आले. बंदी दर वर्षी नव्यानं मागावी लागते. त्यांना वाटलं असेल, मी नाही म्हणेन. क्रेसेन्त्सचे कान दुखतात, सरपंचांची नात आता रांगते, दुपारी झोपते. मी पहिली सही केली. पण खाली एक ओळ लिहिली, की गाव पंच्याण्णवऐवजी अठ्ठ्याण्णव मागतं. गेब्हार्डनी वाचलं आणि म्हणाले, "आता काय उपयोग, बुर्गी?" मी म्हटलं, "राहू दे ते तसंच."

आज रविवार. खिंड गुरुवारी उघडली, ह्या वर्षी दोन्ही गाड्यांवर नवी पोरं होती. बंदी लागायला अजून तीन आठवडे आहेत, त्यामुळे सगळेच येतायत. दहाला मी दुकान क्रेसेन्त्सच्या सुनेवर सोडलं, मागच्या खोलीत आले, तिहेरी काच उघडली आणि आल्बानच्या पलंगावर, त्याच्या जागी, उशीला टेकून बसले. पहिली गाडी आली. मी डावा हात पलंगाखाली नेला, दोन बोटं पुढे केली. दुसरी आली. मग ते किंचाळणारं कार्टं आलं, त्यालाही केला. आल्बाननं केला असता.

ते भरधाव जातात. आत कोण बसलंय ते त्यांच्यातल्या कुणालाच दिसत नाही. त्याचाही हात कुणाला दिसत नव्हता. मला दिसत होता.